मूल वाचायला शिकते म्हणजे काय होते?

एक छोटा प्रयोग करून पाहा. जुन्या मासिकाचे एक छापील पान घ्या. त्याच्या मधोमध पेन्सिलीच्या टोकाने ज्वारीच्या दाण्याएवढे भोक पाडा. ते पान एखाद्या सहकाऱ्याला समोर धरून मनातल्या मनात वाचायला सांगा. आपण पानाच्या मागच्या बाजूने भोकाला डोळा लावा आणि त्याच्या डोळ्यांकडे लक्ष द्या.

वाचताना डोळे ओळीवरून सावकाश, एकसारखे सरकत जातात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते उड्या मारत जातात. एक उडी, क्षणभर थांबणे, पुन्हा उडी. १८७९च्या सुमारास फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले. पुढे अधिक चांगली उपकरणे आल्यावर मोजमापे झाली. सराईत वाचक प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. उडी चालू असताना त्याला काहीच वाचता येत नाही, सगळे वाचन या थांब्यांमध्ये होते. शिवाय आपले डोळे फार थोडा भाग स्पष्ट पाहू शकतात. हात लांब करून अंगठा समोर धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढाच काय तो भाग अगदी स्पष्ट दिसतो. म्हणून डोळ्यांना सतत जागा बदलावी लागते.

आता हाच प्रयोग दुसरीतल्या मुलाबरोबर करा. एका ओळीत थांबे कितीतरी जास्त, प्रत्येक थांबा लांब आणि मधूनमधून मागे उडी. मागे जाणे हा काही दोष नव्हे. सराईत वाचकाच्याही दर आठ-दहा उड्यांमागे एखादी मागे जाते. फरक एवढाच की त्याची मागची उडी बहुधा अर्थ पक्का करण्यासाठी असते, तर मुलाची निसटलेले अक्षर पकडण्यासाठी. अक्षरापासून अर्थापर्यंतचा हा प्रवास कसा होतो आणि त्यात आपण, म्हणजे शिक्षक आणि पालक, कोठे हात देऊ शकतो, ते या लेखात पाहू.

बोलणे येते, वाचणे शिकावे लागते

मूल बोलायला शिकते त्यासाठी कोणी तास घेत नाही. माणसे आजूबाजूला बोलत असली की पुरते. वाचनाचे तसे नाही. लेखन सुरू होऊन अवघी पाचएक हजार वर्षे झाली आणि त्यातलाही बहुतेक काळ ते मूठभर लोकांपुरते होते. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ इतका थोडा आहे की वाचनासाठी मेंदूत वेगळा भाग तयार होणे शक्यच नव्हते. मग मेंदू काय करतो? दुसऱ्या कामासाठी असलेल्या जागेचाच वापर करतो.

मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला एक पट्टा आहे. चेहरे, वस्तू, आकार ओळखण्याच्या कामात तो भाग घेतो. वाचायला शिकताना याच पट्ट्याचा काही भाग अक्षरे आणि शब्द ओळखण्यात तरबेज होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहाएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधील साक्षर आणि निरक्षर प्रौढांच्या मेंदूची तुलना केली. त्यांच्यात मोठेपणी वाचायला शिकलेली माणसेही होती आणि त्यांच्या मेंदूतही हा बदल झालेला आढळला. चौथीपर्यंत वाचन आले नाही म्हणजे आता गाडी सुटली, असे समजण्याचे कारण नाही, हा त्यातला आपल्या कामाचा धडा.

याच गोष्टीतून मुलांची एक नेहमीची ‘चूक’ही समजते. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच. वस्तू ओळखताना डावे-उजवे विसरणेच सोयीचे असते. पण अक्षरांच्या जगात आल्यावर हा नियम अचानक बदलतो. ३ उलटा केला की जवळजवळ ६ होतो आणि तो वेगळा आकडा असतो! सहा-सात वर्षांचे मूल आकडे-अक्षरे उलटी काढते, तेव्हा तो हलगर्जीपणा नसतो. आतापर्यंत उपयोगी पडलेली सवय त्याला मोडायची असते. त्याला थोडा वेळ द्यावा.

आपली लिपी: सोय आणि अडचण

देवनागरी लिहिल्याप्रमाणे वाचता येते, म्हणून ती सोपी, असे आपण म्हणतो. इंग्रजी स्पेलिंगच्या तुलनेत हे खरे आहे. पण शिकणाऱ्याच्या बाजूने मोजून पाहू. क ते ळ ही ३४ व्यंजने आणि बाराखडीतली १२ रूपे. म्हणजे ३४ × १२ = ४०८. वर स्वर आणि जोडाक्षरे निराळी. इंग्रजी शिकणाऱ्या मुलापुढे लहान-मोठी मिळून ५२ चिन्हे असतात. आपल्या मुलापुढे चिन्हे तर जास्त असतातच, शिवाय ती एकमेकांना जोडण्याचे नियमही असतात. कन्नड लिपीची रचना आपल्यासारखीच आहे. सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कन्नड शिकणाऱ्या मुलांचे अक्षरज्ञान चौथीपर्यंत आणि त्यापुढेही वाढतच राहिलेले दिसले. ‘पहिलीत अक्षरे संपली पाहिजेत’ ही आपली अपेक्षा म्हणूनच तपासून घ्यायला हवी.

यात आणखी काही बारकावे आहेत. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाहीत.

‘दिवा’ या शब्दात डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग द. तोंडाने मात्र आधी द, मग इ. हिंदी वाचणाऱ्यांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा शब्दांना जास्त वेळ लागतो असे आढळले. रफाराचे तर याहून अवघड. ‘अर्धा’ म्हणताना र आधी येतो, पण तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि एकट्या र ची रूपे तरी किती! प्रकाश, ट्रक, अर्क, सुऱ्या.

‘कमळ’ हा शब्द मूल क, म, ळ असा सुटा वाचते. आपण मात्र शेवटचा अ गिळून ‘कमळ्’ म्हणतो. सुटे आवाज जोडून ओळखीचा शब्द आपोआप होत नाही, तो मुलाला ओळखावा लागतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘तू सुखाने जग’ यातला ज वेगळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. ‘गंगा’ आणि ‘चंपा’ यांतल्या अनुस्वाराचा उच्चार वेगळा. अशा ठिकाणी नुसते अक्षर पुरत नाही, शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. घरी वारली, कोरकू, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी का जड जाते, हे यावरून लक्षात येईल. त्याला अक्षर ओळखू येते, पण त्या अक्षरांतून होणारा शब्दच त्याच्या ओळखीचा नसतो.

अक्षरे आली, अर्थ आला नाही

पुढचा उतारा मोठ्याने वाचा.

‘चिंदूळ गावात एक रोबाड लिपडा होता. तो रोज सकाळी गिरमी टिमकवत असे. एकदा गिरमी न टिमकवताच तो झुंबलला.’

आता प्रश्न. लिपडा कोठे होता? तो रोज सकाळी काय करत असे? तो केव्हा झुंबलला?

आपल्याला तिन्ही उत्तरे आली. दहापैकी दहा गुण! आणि समजले काय? काहीच नाही. पाठाखालचे कित्येक प्रश्न असेच असतात. पुस्तकातले वाक्य शोधून उतरवले की उत्तर होते. म्हणून अस्खलित वाचणारे आणि बरोबर उत्तरे लिहिणारे मूल समजून वाचते आहे असे धरून चालता येत नाही. ‘झुंबलल्यावर त्याला कसे वाटले असेल?’ असे विचारा, म्हणजे खरे काय ते कळेल.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली हीच गोष्ट एका सोप्या सूत्रात मांडली. वाचन = अक्षरे उलगडणे × भाषा समजणे. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. वरच्या उताऱ्यात आपले अक्षरज्ञान पूर्ण होते, भाषा शून्य होती. पहिलीतल्या मुलाचे अनेकदा याच्या उलट असते. गोष्ट सांगितली तर सगळी कळते, तीच छापलेली दिली तर काही नाही.

हे दोन भाग एकमेकांना ओढतात. आपल्याला एका वेळी मोजक्याच गोष्टी ध्यानात धरता येतात. ‘शे... त... क... ऱ्या... ने’ असे जुळवत शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिले निसटते. वाक्य संपेपर्यंत तर सुरुवात पार पुसली जाते. गुजराती नीट न येणाऱ्याने गुजराती वर्तमानपत्र वाचून पाहावे. निम्मीअधिक अक्षरे ओळखीची असूनही दोन ओळींत दमछाक होते. अक्षरे झरझर ओळखता आली की लक्ष मोकळे होते आणि मग ते अर्थाकडे वळते. म्हणून वाचनाची गती महत्त्वाची, केवळ शर्यतीसाठी नव्हे.

विषयाची माहिती असेल तर किती फरक पडतो, हे १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी दाखवले. सातवी-आठवीच्या मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची, पण खेळाची चांगली माहिती असलेली मुले ही वाचनात पक्की, पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट, भातलावणी किंवा ऊसतोडणी धरा. ‘हा कच्चा’ असा शिक्का बसलेल्या मुलाला त्याच्या माहितीतला मजकूर देऊन पाहावा. परिसर अभ्यास आणि विज्ञानाचे तास हेदेखील वाचनाचेच तास आहेत, असाही याचा अर्थ होतो. जो ओढ्याकाठी बेडकाची अंडी पाहून आला आहे, त्याला बेडकाचा पाठ वाचायला सोपा जातो.

तिसरीची पायरी

एवढा खटाटोप कशासाठी? कारण दुसरी-तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकत असते आणि पुढे वाचून शिकायचे असते. चौथीचा इतिहास, पाचवीचे विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सगळे छापील मजकुरातून येते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे सगळ्याच विषयांची दारे एकदम बंद होतात. ते मूल ‘ढ’ ठरते आणि गप्प बसायला शिकते.

‘असर’ या ग्रामीण भागातील पाहणीनुसार २०१८ साली देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. कोरोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्या आणि २०२२ साली हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. २०२४ साली ते पुन्हा २७ टक्क्यांच्या आसपास पोचले. झालेले नुकसान भरून निघू शकते, हे त्यातून दिसले. पण चारातली जवळजवळ तीन मुले अजूनही मागेच आहेत.

केवळ थांबून हे अंतर मिटत नाही. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली दाखवून दिले की ज्याला वाचता येते तो जास्त वाचतो, त्यातून शब्द आणि माहिती मिळवतो आणि आणखी चांगले वाचू लागतो. ज्याला येत नाही तो टाळतो आणि आणखी मागे पडतो. ‘वय झाले की येईल’ म्हणून सोडून देणे म्हणूनच महागात पडते.

वर्गात काय करता येईल?

अक्षरांचा क्रम बदला. क, ख, ग, घ, ङ हा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे, पण शिकायला सोयीचा नाही. ङ पासून लहान मुलाच्या वापरातला एकही शब्द होत नाही. त्याऐवजी म, क, न, ल, त ही पाच व्यंजने आणि काना व दुसरी वेलांटी ही दोन चिन्हे घ्या. एवढ्यात मान, कान, नाक, ताक, माती, तीन, लाल, काकी, मामी हे शब्द होतात. ‘मला तीन मामा’ हे वाक्यसुद्धा होते! पहिल्या महिन्यातच मुलाच्या हाती वाचण्याजोगे काही येते. ते झाले की पुढचा गट. घ-ध, भ-म, ब-व अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच वेळी शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे घ्यावे.

मुलांचे शब्द घ्या. न्यूझीलंडमधील शिक्षिका सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवत. रोज प्रत्येक मुलाला त्या विचारत, ‘आज तुला कोणता शब्द हवा?’ तो कार्डावर लिहून त्याच्या हाती देत. भीतीचे, मायेचे, घरच्या माणसांचे शब्द मुले एकदा पाहून लक्षात ठेवत, असा त्यांचा अनुभव होता. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी तो लिहून ठेवला आहे. जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजू यासाठी उत्तम.

रोज वाचून दाखवा. दहा मिनिटे पुरतात. अक्षरे येईपर्यंत भाषा थांबून राहू नये, म्हणून हे आवश्यक. गोष्ट अर्ध्यावर थांबवून ‘पुढे काय होईल?’ विचारा. उत्तर घरच्या बोलीत आले तर ते तसेच स्वीकारा आणि बोलणे पुढे न्या. वाडा तालुक्यातील मराठी आणि कर्नाटकातील यादगीर भागातील कन्नड शाळांचा काही वर्षे अभ्यास करून एक अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या भाषेच्या तासांत अक्षरे गिरवणे आणि फळ्यावरचे उतरवून घेणे यावर भर होता, मजकुराच्या अर्थाबद्दल बोलणे मात्र फारसे होत नव्हते. आपल्या वर्गात ही वाटणी कशी आहे, ते आठवडाभर घड्याळ लावून पाहावे.

तोच मजकूर पुन्हा वाचू द्या. जे. सॅम्युअल्स यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली. शंभरएक शब्दांचा सोपा उतारा मुलाने तीन-चार वेळा वाचायचा. दर वेळी लागलेला वेळ वहीत लिहायचा. वेळ कमी होताना मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. स्पर्धा त्याची त्याच्याशीच असते. सगळ्या वर्गासमोर एकाला उभे करून अडखळत वाचायला लावण्यापेक्षा जोडीने वाचणे कितीतरी बरे.

अडखळल्यावर लगेच सांगू नका. मनात पाचापर्यंत मोजा. मुलाने ‘घर’ ऐवजी ‘धर’ वाचले तर ‘चूक’ म्हणण्याआधी वाक्य पुरे होऊ द्या आणि विचारा, ‘जमते का हे?’ स्वतःची चूक स्वतःला सापडणे ही समजून वाचत असल्याची सर्वांत चांगली खूण आहे.

घरी काय करता येईल?

‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय करणार?’ असे पालकसभेत हमखास ऐकू येते. सूत्रातला दुसरा भाग आठवा. भाषा समजण्याचा भाग घरीच तयार होतो आणि त्याला अक्षरओळख लागत नाही. आजीच्या कहाण्या, उखाणे, कोडी, रानातल्या झाडापाल्याची नावे, बाजाराचा हिशेब ही सगळी वाचनाची पूर्वतयारी आहे. भाकऱ्या थापता थापता आईने ‘आज शाळेत काय झाले?’ विचारणे आणि पुरते ऐकून घेणे हेही त्यातच आले. शाळेतले पुस्तक घरी गेले तर मुलाने वाचावे आणि घरच्यांनी फक्त ऐकावे. तेवढेही पुरते.

चित्रांचे पुस्तक असेल तर दाखवायची पद्धत महत्त्वाची. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढेच शिकवले की, नुसते वाचत जाऊ नका, विचारा आणि मुलाच्या उत्तरात भर घाला. ‘हा काय करतोय?’ ‘पळतोय.’ ‘हो, कुत्रा मागे लागला म्हणून घाबरून पळतोय.’ महिनाभरात ही मुले बोलण्यात इतर मुलांच्या पुढे गेली.

आणि अक्षरे घराघरात असतातच. बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, खताचे पोते, एसटीची पाटी, दिनदर्शिका, मोबाइलवरचे निरोप. ‘आपल्या गावाची गाडी कोणती, तू सांग’ म्हटले की वाचनाला काम मिळते.

केव्हा जास्त लक्ष द्यावे?

पुस्तक डोळ्यांशी नेणारे, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे किंवा हाक ऐकू न येणारे मूल असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ते ठीक असून, नियमित शिकवूनही दुसरी-तिसरीत अक्षरे टिकत नसतील, तर वाचन-अक्षमतेची शंका घ्यायला हवी. याचा बुद्धीशी संबंध नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलाला तज्ज्ञांची मदत आणि जास्त वेळ मिळाला पाहिजे. ‘आळशी’ हे निदान नव्हे.

शेवटी एक सोपे काम सुचवतो. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला दोन मिनिटे आपल्याजवळ एकटे बोलवा. एक छोटा, नवा परिच्छेद वाचायला द्या आणि दोनच गोष्टी टिपा. अक्षरांवर कोठे अडले? आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगता आले का? तीस मुलांचा एक तास होतो. त्या तासाने कोणाला अक्षरांची मदत हवी आणि कोणाला अर्थाची, हे नावानिशी कळते. उद्याचा तास कोणासाठी कसा घ्यायचा, हे त्या वहीतूनच ठरवता येईल.